नोटीस आलीय, घरचं पाणी तपासून घेऊ का?

प्रिय ताई,
आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या आठवड्यात टपालाने पाणी कंपनीची नोटीस आली. वर्षभराच्या सरासरीत आमच्या पाण्यातलं पीएफओए नावाचं रसायन लिटरमागे 14 नॅनोग्रॅमच्या मर्यादेऐवजी 19 निघालं आहे. 'ही आणीबाणी नाही, असती तर 24 तासांत कळवलं असतं' असं वर लिहिलंय, आणि घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर डॉक्टरांशी बोला, असं त्याच कागदावर खाली. माझी लेक सात महिन्यांची आहे. अंगावर पिते, शिवाय दिवसातून दोनदा पावडरचं दूध. नवऱ्याने टीडीएस मीटर मागवलं. ते 240 दाखवतं. 'भारतात 500 पर्यंत चांगलं धरतात, उगाच घाबरू नकोस' असं तो म्हणतो. सासूबाई चिपळूणहून आल्या आहेत. त्या पाणी वीस मिनिटं उकळून तांब्याच्या कळशीत भरून ठेवतात, आणि 'आमच्याकडे असलं काही नसतं' म्हणतात. मला ऑनलाइन 30 डॉलरच्या पट्ट्या दिसल्या, एक लॅब 400 डॉलर मागते. गरोदरपणीही मी हेच पाणी प्यायले. रात्री डोळा लागत नाही. पाणी तपासू का? कुठे?
— बाळाची आई

प्रिय बाळाच्या आई,

बाकीचं सावकाश वाच, पण एवढं आजच कर. लॅबला 400 डॉलर पाठवू नकोस, ते सिंकखालच्या फिल्टरला घाल. फिल्टर बसेपर्यंत बाळाच्या दुधाला आणि पेजेला लेबलवर 'रिव्हर्स ऑस्मोसिस' लिहिलेलं बाटलीचं पाणी वापर. वीस मिनिटं उकळणं थांबवा. आणि अंगावरचं दूध अजिबात तोडू नकोस.

मी पाण्याच्या लॅबमध्ये आयुष्याची बरीच वर्षं काढली आहेत. 'तपासू नकोस' हे माझ्या तोंडून सहज निघत नाही. पण तुझ्या पाण्याची तपासणी झालेली आहे, म्हणून तर नोटीस आली. 19 हा आकडा तुझ्या हातात आहे, आणि तो एका दिवसाचा नाही, चार तिमाहींच्या नमुन्यांची सरासरी आहे. तू नळाखाली एक बाटली धरून जो आकडा आणशील, तो त्या एका सकाळचा असेल. 17 आला तर तुझी काळजी मिटणार आहे का? 23 आला तर काही वेगळं करणार आहेस का? दोन्ही वेळा उत्तर फिल्टरच.

इथे शिशाची गोष्ट वेगळी, आणि लोक नेहमी दोन्हींची गल्लत करतात. शिसं बहुतेक वेळा घराच्या जुन्या पाइपातून, सांध्यांतून पाण्यात उतरतं. शेजारच्या घरात शून्य आणि तुझ्या घरात भरपूर, असं होऊ शकतं, म्हणून ते घरच्याच नळाला तपासावं लागतं. पीएफओए, म्हणजे टेफ्लॉनसारख्या वस्तू बनवताना वापरायचे ते रसायन, मुळातच विहिरीतून किंवा नदीतून येतं. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना जे असतं, जवळजवळ तेच तुझ्या स्वयंपाकघरात पोचतं. म्हणून कंपनीचा नमुना केंद्राच्या तोंडाशी घेतात, आणि तो तुझ्या कामाचा आहे. फक्त एक विचार: गावाला दोन-तीन केंद्रांतून पाणी येत असेल, तर आपल्या रस्त्याला कुठलं येतं? नोटिशीवर फोन नंबर असतो, तिथे हेच विचार. 'पाणी सुरक्षित आहे का' असं विचारलंस तर ठरलेलं उत्तर मिळेल. त्यापेक्षा 'माझ्या पत्त्याला कुठल्या केंद्राचं पाणी येतं, तिथल्या गेल्या चार तिमाहींचे आकडे काय, तिथे कार्बनचे फिल्टर कधी सुरू होणार' असं विचार. राज्याच्या 'ड्रिंकिंग वॉटर वॉच' या संकेतस्थळावर कंपनीचं नाव घालून जुने आकडेही काढता येतात. वर्षाचा पाणी अहवाल तर दर 1 जुलैपर्यंत त्यांना द्यावाच लागतो.

आता नवऱ्याचं मीटर. त्याच्यावर रागावू नकोस. आपल्याकडे प्रत्येक आरओ विकणारा दारात उभा राहून ते मीटर पाण्यात बुडवून दाखवतो, त्यामुळे पाण्याचा चांगला-वाईटपणा त्या आकड्यात असतो असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. 240 म्हणजे लिटरमागे 240 मिलिग्रॅम, म्हणजे 24 कोटी नॅनोग्रॅम कॅल्शियम, मॅग्नेशियम, मीठ वगैरे. आपण शोधतोय ते लिटरमागे 19 नॅनोग्रॅम. लाख कोटी भागांत 19 भाग. पाण्यात पीएफओए दहापट वाढलं तरी त्या मीटरचा काटा हलणार नाही, आणि सगळं काढून टाकलं तरी हलणार नाही. मीटर फेकू नका मात्र, पुढे त्याचं काम आहे.

तीच गत 30 डॉलरच्या पट्ट्यांची. क्लोरीन, पाण्याचा जडपणा, नायट्रेट यांचा ढोबळ अंदाज पट्टी देते. पीएफओए या पातळीला कुठलीही पट्टी रंग बदलून दाखवू शकत नाही. आम्ही लॅबमध्ये काय करायचो सांगते. पाव लिटर पाणी बोटाएवढ्या नळीतून थेंब थेंब सोडायचं. नळीतल्या भुकटीला ते रेणू चिकटतात. मग थोड्या द्रावणाने ते धुऊन काढायचे आणि शेवटी सगळा अर्क एक मिलिलिटरवर आणायचा. म्हणजे अडीचशे पट दाट करून मग काही लाख डॉलरच्या यंत्रात घालायचा, तेव्हा कुठे कागदावर एक छोटंसं टोक उमटतं. हे काम पट्टी करत नाही.

उकळण्याचं सासूबाईंना समजावून सांग, पण हळू. त्यांनी आयुष्यभर मुलांना उकळलेलं पाणी देऊन कावीळ, जुलाब, टायफॉइड दूर ठेवले. ती सवय शंभर टक्के बरोबर होती आणि चिपळूणला आजही बरोबर आहे. पण उकळल्याने जंतू मरतात, पीएफओए उडून जात नाही. पाण्याची वाफ होते, ते भांड्यातच राहतं. वीस मिनिटांत पातेल्यातलं चौथाई पाणी आटलं तर 19 चे 25 होतात. तुरटी, तुळस, वाळ्याची पुरचुंडी, यांपैकी कशानेही ते जात नाही. पावडरचं दूध करताना डॉक्टरांनी पाणी उकळून घ्यायला सांगितलं असेल तर जरूर उकळा, पण फिल्टरने गाळलेलं पाणी, आणि एक उकळी आली की गॅस बंद.

फिल्टर घेताना खोक्यावर 'शुद्ध', 'निर्मळ', '99 टक्के' काय लिहिलंय ते वाचूच नकोस. प्रमाणपत्राचे दोन आकडे शोध: एनएसएफ/एएनएसआय 53 किंवा 58. 53 हे कार्बनच्या फिल्टरसाठी, 58 हे आरओसाठी. आकडा असून भागत नाही, त्या प्रमाणपत्राच्या यादीत पीएफओए आणि पीएफओएस (त्याचंच भावंड) किंवा 'टोटल पीएफएएस' (या रसायनांचं सगळं कुटुंब) हे शब्द असायला हवेत, कारण त्याच 53 खाली फक्त शिशासाठी पास झालेलेही फिल्टर विकले जातात. नुसतं 42 असेल तर तो चव आणि क्लोरीनच्या वासापुरता आहे. फ्रिजमधले पुष्कळसे फिल्टर याच वर्गातले असतात. ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, 2024 मध्ये स्वतःच सांगितलं होतं की या प्रमाणपत्रांची तेव्हाची पातळी त्यांच्या नव्या मर्यादेइतकी कडक नाही. तरीही प्रमाणपत्र नसलेल्यापेक्षा ते कितीतरी बरं. माझी पसंती सिंकखालच्या आरओला. ड्यूक विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या संशोधकांनी 2020 मध्ये घराघरांतले फिल्टर तपासले, तेव्हा आरओ आणि दोन टप्प्यांचे सिंकखालचे फिल्टर सर्वांत भरवशाचे निघाले. पिचरमधले आणि फ्रिजमधले कधी चांगले, कधी नाही. पूर्ण घराला बसवलेल्या काही यंत्रांतून तर आत गेलं त्यापेक्षा जास्त बाहेर आलं. ते मला पटतं, कारण कार्बन भरला की तो धरलेलं सोडायला लागतो. कार्ट्रिज वेळेवर बदलणं ही अर्धी लढाई आहे. बसवल्याची तारीख स्केच पेनने त्याच्या अंगावरच लिही.

आणि आता ते टीडीएस मीटर काढा. आरओ नीट चालत असेल तर नळाला 240 आणि आरओच्या तोटीला 20-30 असं काहीतरी दिसेल. पुढे काही महिन्यांनी तो आकडा चढायला लागला, तर आरओमधला गाळणारा पडदा खराब होतोय. पीएफओएचं मोजमाप नाही ते, पण पडद्याच्या तब्येतीचं आहे. नवऱ्याला महिन्यातून एकदा तेवढं काम दे. (कार्बनच्या फिल्टरला हा उपाय लागू नाही, कार्बन क्षार काढतच नाही.)

गाळलेलं पाणी कशाला? पिण्याला, चहाला, डाळ-तांदूळ शिजवायला, पेजेला, नाचणीच्या खिरीला, म्हणजे जिथे पाणी अन्नात मुरतं तिथे. कुकरच्या तळाला घालायचं पाणी नळाचं चालेल, डब्यातलं गाळलेलं. भाजी धुणं, भांडी, कपडे, बाळाची अंघोळ, सगळं नळाच्या पाण्याने बिनधास्त कर. कातडीतून ते फारच थोडं शिरतं. अंघोळीत बाळ ओंजळभर पाणी प्यायलं म्हणून घाबरून जाऊ नकोस.

आता ज्या गोष्टीने तुझी झोप उडालीय, तिच्याकडे येते. 'गरोदरपणी हेच पाणी प्यायले.'

हो, प्यायलीस. त्या वेळी तुझ्याकडे नोटीस नव्हती, मर्यादा ठरवणारेही अजून शिकत होते. 2016 मध्ये ईपीएने पीएफओए आणि पीएफओएस मिळून 70 पर्यंत ठीक म्हटलं होतं. न्यू जर्सीने 2020 मध्ये पीएफओएला 14 आणि पीएफओएसला 13 अशी मर्यादा घातली. एप्रिल 2024 मध्ये ईपीएने दोन्हींना 4 केलं आणि ध्येय शून्य ठेवलं. मे 2025 मध्ये ते 4 कायम ठेवून अंमलाची मुदत 2029 वरून 2031 वर नेणार असल्याचं जाहीर केलं. तू एका आईच्या नात्याने जे करायचं ते सगळं केलंस. यात तुझी चूक शोधू नकोस, ती नाहीच.

धोका किती, हे लपवून सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 च्या अखेरीस पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. जन्मवजन किंचित कमी भरणं, लस दिल्यावर प्रतिपिंडं थोडी कमी तयार होणं, कोलेस्टेरॉल वाढणं, यांच्याशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. पण हे हजारो माणसांच्या सरासरीत दिसणारे फरक आहेत. त्यावरून तुझ्या लेकीबद्दल कुणीही काही सांगू शकत नाही. तुझी मुलगी वजन धरते आहे, लशी वेळेवर होत आहेत, तर तेच चालू ठेव, आणि एकही लस पुढे ढकलू नकोस. दूध उतरतं त्यात थोडं पीएफओए उतरतं हे खरं. तरीही बालरोगतज्ज्ञ अंगावर पाजत राहा म्हणतात, कारण त्या दुधाचा फायदा कितीतरी मोठा आहे. तू आजपासून गाळलेलं पाणी प्यायलीस की तुझ्या अंगातलं हळूहळू उतरायला लागेल. हळूहळू म्हणजे खरंच हळू, निम्मं व्हायला दोन ते चार वर्षं. पण उतरतं. अमेरिकेत सरसकट सगळ्यांच्याच रक्तात ते सापडतं, आणि ते बनवणं-वापरणं कमी झाल्यावर 1999-2000 पासून 2017-18 पर्यंत रक्तातलं प्रमाण 70 टक्क्यांहून जास्त घटलं.

रक्त तपासायचं का, हे डॉक्टरांशी बोल. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने 2022 मध्ये सांगितलं की ज्यांच्या पाण्यात हे जास्त होतं त्यांना डॉक्टरांनी तपासणी देऊ करावी. सगळी पीएफएएस मिळून मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या वर असतील तर थायरॉइड, मूत्रपिंड वगैरेंवर जास्त लक्ष ठेवावं. नोटीस सोबत घेऊन जा, कारण बऱ्याच दवाखान्यांत हा विषय पहिल्यांदाच निघेल. बाळाचं रक्त काढायची मात्र मला घाई दिसत नाही.

आणि ती नोटीस जपून ठेव. ऑक्टोबर 2000 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ल्यूबेक गावच्या पाणीपुरवठ्याने असंच एक पत्र घरोघर पाठवलं होतं: पाण्यात थोडं पीएफओए आहे, काळजीचं कारण नाही. टेफ्लॉनचा मोठा कारखाना, ड्युपाँटचा, जवळच होता. बहुतेकांनी पत्र बाजूला टाकलं. जो काइगर नावाच्या एका शिक्षकाने ते पुन्हा काढून वाचलं आणि फोन करत सुटला. इकडे टाळाटाळ, तिकडे टाळाटाळ, शेवटी तो रॉब बिलॉट या वकिलापर्यंत पोचला. 2001 मध्ये दावा दाखल झाला, त्याच्या तडजोडीतून सुमारे 69 हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं, आणि 2012 पर्यंत तीन साथरोगतज्ज्ञांच्या समितीने पीएफओएचा सहा आजारांशी संबंध संभवतो असं सांगितलं. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. आज तुझ्या घरी जी नोटीस आली, तिच्यातल्या पीएफओएबद्दल आपल्याला असलेलं बरंचसं ज्ञान त्या भागातल्या माणसांच्या रक्तातून आलेलं आहे.

सासूबाईंच्या 'आमच्याकडे असलं काही नसतं' या वाक्यावर मला थोडं थांबायचंय. भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, पीएफओएला मर्यादाच नाही. मर्यादा नाही म्हणून नगरपालिका ते तपासत नाही, आणि तपासत नाही म्हणून नोटीस येत नाही. इटलीत विचेन्झाजवळच्या त्रिसिनो गावात मितेनी नावाचा पीएफएएसचा कारखाना होता. भूजल दूषित झालं, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने 11 अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रं विकली गेली आणि आली कुठे, तर रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. सासूबाईंच्या चिपळूणपासून ते किती लांब आहे, ते त्यांनाच विचार. तिथलं पाणी आज बिघडलंय असं मी म्हणत नाही. कुणीतरी ते नियमाने मोजावं आणि लोकांना टपालाने कळवावं, एवढंच माझं मागणं आहे. हे त्यांना भांडण म्हणून सांगू नकोस. त्या गावी परतल्यावर ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत हा प्रश्न त्याच विचारू शकतात.

तर लॅब कधी? दोन वेळा. तुझ्या ओळखीत कुणाच्या घरी स्वतःची विहीर असेल तर त्यांना आजच सांग. विहिरीचं पाणी कुठलीही कंपनी तपासत नाही. न्यू जर्सीत घर विकताना डिसेंबर 2021 पासून विहिरीत ही रसायनं तपासावी लागतात, पण जे घर विकलंच नाही त्याचं काय! आणि दुसरी वेळ तुझी: फिल्टर बसून सहा महिने झाले की एक बाटली साध्या नळाची, एक फिल्टरच्या तोटीची. तेव्हा ते पैसे सार्थकी लागतील, कारण तेव्हा तुझ्याकडे असा प्रश्न असेल ज्याचं उत्तर कंपनीच्या कागदात नाही: माझा फिल्टर चालतोय का?

लॅब राज्याने मान्यता दिलेलीच घे, आणि 533 किंवा 537.1 यांपैकी कुठली पद्धत वापरतात ते विचार. किती नॅनोग्रॅमपर्यंतचं दिसतं तेही विचार, 4 च्या खालचं दिसायला हवं. त्या बाटल्या पाठवतील. त्या दिवशी सकाळी हाताला क्रीम लावू नकोस, सनस्क्रीन नको, पावसाळी जॅकेट नको, बर्गरचा कागद हातात धरू नकोस. या सगळ्यांत हीच रसायनं असू शकतात. हात धुऊन नायट्राइलचे हातमोजे घाल. गार पाणी पाच मिनिटं वाहू दे. मग बाटली उघड आणि भर. विसळू नकोस! आपल्या बायकांचा हात भांडं भरण्याआधी आपोआप विसळायला जातो. मी नव्या मुलींना शिकवताना दरवेळी हेच होताना पाहिलंय. बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते, ती क्लोरीन निवळायला घातलेली असते. विसळलीस की ती गेली आणि नमुना वाया. सोबत एक स्वच्छ पाण्याने भरलेली बाटली येईल, ती तुझ्या ओट्यापाशी उघडून दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायची असते. त्यात पीएफओए निघालं तर ते तुझ्या हातातून किंवा घरातून आलं असं कळतं. बर्फ घालून त्याच दिवशी पाठव. रिपोर्टवर 'एनडी' दिसलं तर ते शून्य नाही. त्या यंत्राला जेवढं दिसतं त्याच्या खाली, एवढाच त्याचा अर्थ.

राहिली तांब्याची कळशी. मोठ्यांनी तिच्यातलं पाणी प्यायला माझी हरकत नाही, पण बाळाच्या दुधाचं आणि पेजेचं पाणी तिच्यात ठेवू नका. आरओचं पाणी भुकेलं असतं, तांबं जरा जास्तच ओढून घेतं. आणि तान्ह्या बाळांच्या यकृताला तांबं सोसत नाही, हे आपल्या पुण्यातल्याच डॉक्टरांनी 1980 च्या दशकात दाखवलं. तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं दूध पिणाऱ्या मुलांमध्ये यकृत निकामी व्हायचं. सासूबाईंनी त्या काळात असं एखादं मूल शेजारीपाजारी पाहिलंही असेल. त्यांना विचार. मग बाळाचं पाणी स्टीलच्या डब्यात भरायचं काम त्यांच्याकडेच दे, त्या ते कुणापेक्षाही नेमाने करतील.

तुझी,
ताई